लॅपटॉप नवा, मग अक्षरं मुंगीएवढी का?

महागडी स्क्रीन घेतली आणि नेमकं प्रोजेक्टचं सॉफ्टवेअरच एकतर धूसर दिसतंय, नाहीतर दिसतच नाहीये? लगेच चष्म्याच्या दुकानात धावू नका. बहुतेक वेळा दुरुस्ती पाच मिनिटांची असते, फक्त ती कुठे करायची हे माहीत हवं.

नवा लॅपटॉप घरी आलाय. घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलंय, ‘टू पॉइंट एट के स्क्रीन आहे, एकदम शार्प!’ आणि ते खोटंही नाही. फोटो, सिनेमे, ब्राउझरमधली अक्षरं, सगळं कसं कोरल्यासारखं दिसतंय.

मग तुम्ही प्रॅक्टिकलला लागणारं सॉफ्टवेअर टाकता. ते उघडतं आणि वरच्या पट्टीतली बटणं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. कुठलं बटण ‘सेव्ह’चं आणि कुठलं ‘डिलीट’चं, हे नाक स्क्रीनला लावल्याशिवाय कळत नाही. दुसरं एक सॉफ्टवेअर उघडता, तर त्यातली अक्षरं पावसात भिजलेल्या काचेतून पाहावीत तशी फिसकटलेली. तिसऱ्यात अक्षरं मोठी आहेत, पण ती ज्या चौकटीत बसायला हवीत ती चौकट लहानच राहिलीये, त्यामुळे अर्धं वाक्य कापलं गेलंय.

हॉस्टेलमधला ‘एक्स्पर्ट’ सीनियर येतो आणि म्हणतो, ‘सोप्पंय, रिझोल्यूशन कमी कर.’ तुम्ही करता. आता सगळं मोठं दिसतं, पण सगळंच धूसर! ज्या स्क्रीनसाठी जास्तीचे पैसे मोजले, ती आता जुन्या स्क्रीनसारखीच दिसते. चार दिवसांनी कपाळ दुखायला लागतं आणि घरून फोन येतो, ‘डोळे तपासून घे एकदा.’

डोळे जरूर तपासा, ते कधीही चांगलंच. पण इथे गडबड डोळ्यांत नाही आणि लॅपटॉपही बिघडलेला नाही. गडबड आहे ती सॉफ्टवेअरवाल्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी गृहीत धरलेल्या एका आकड्यात.

रांगोळीचे ठिपके

ठिपक्यांची रांगोळी आठवा. पंधरा ठिपके, पंधरा ओळी. कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडायचा, हे ठरलेलं असतं. आता समजा, आजीने ठिपके एकेका इंचावर दिले आणि तुम्ही तेच ठिपके अर्ध्या इंचावर दिलेत. जोडायची पद्धत तीच, ठिपकेही तेवढेच. पण तुमची रांगोळी आजीच्या रांगोळीच्या निम्म्या लांबी-रुंदीची होणार. कारण रांगोळीच्या पुस्तकात ‘चार ठिपके सोडून रेघ मारा’ असं लिहिलेलं असतं, ‘चार इंच सोडून’ असं लिहिलेलं नसतं.

स्क्रीनवर हेच ठिपके म्हणजे पिक्सेल. एका इंचात किती पिक्सेल बसतात, यावरून स्क्रीन किती दाट आहे हे ठरतं. १९८४ साली ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर इंचाला ७२ ठिपके होते. हा आकडा उगाच आलेला नव्हता. छपाईत अक्षराचा आकार ‘पॉइंट’मध्ये मोजतात आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. एक ठिपका म्हणजे एक पॉइंट असा साधा हिशेब होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ९६ हा आकडा धरला. आपण स्क्रीन कागदापेक्षा थोडी लांबून बघतो, म्हणून अक्षरं एक तृतीयांशाने मोठी दिसावीत, हा त्यामागचा विचार.

पुढे कितीतरी वर्षं बाजारातल्या स्क्रीन या ९६च्या आसपासच राहिल्या. कॉलेजच्या लॅबमधला २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या, तिथे इंचाला ९२ पिक्सेल भरतात. स्वस्तातला १५.६ इंची, १३६६ बाय ७६८चा लॅपटॉप घ्या, तिथे साधारण १००. त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी बिनधास्त लिहिलं, ‘हे बटण ९६ पिक्सेल रुंद असू दे.’ म्हणजे इंचभर. कुणाचंच काही अडलं नाही.

आता तुमचा नवा लॅपटॉप बघा. १४ इंची आणि २८८० बाय १८००. इथे एका इंचात जवळजवळ २४३ पिक्सेल बसतात. ते ९६ पिक्सेलचं बटण आता इंचभर राहत नाही, जेमतेम एक सेंटिमीटरचं होतं. सोळा पिक्सेलचं चित्र, म्हणजे ‘सेव्ह’ची ती छोटी फ्लॉपी, चार मिलिमीटरवरून दीड-पावणेदोन मिलिमीटरवर येते. बाजरीच्या दाण्याएवढी! तिथे माउसचा बाण नेमका टेकवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखंच.

विंडोजची मधली वाट

मग विंडोजला हे कळत नाही का? कळतं. म्हणून तर ‘स्केल’ नावाची सोय आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘डिस्प्ले’ उघडलंत तर तिथे १०० टक्के, १२५ टक्के, १५० टक्के असे पर्याय दिसतील. दाट स्क्रीन असेल तर विंडोज स्वतःच २०० टक्के वगैरे सुचवतं. याचा अर्थ, प्रत्येक गोष्ट दुप्पट ठिपके वापरून काढ, म्हणजे डोळ्याला पूर्वीएवढीच दिसेल, पण जास्त रेखीव.

अडचण अशी की, विंडोज नुसतं सांगू शकतं. काढायचं काम त्या-त्या सॉफ्टवेअरचं. आणि सॉफ्टवेअरच्या तीन जाती असतात.

पहिली जात स्केलबद्दल काही ठाऊकच नसलेल्यांची. ‘इंचाला ९६’ एवढंच त्यांना माहीत. त्यांच्यासाठी २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून एक युक्ती आहे. विंडोज अशा सॉफ्टवेअरला फसवतं, ‘हो बाबा, ९६च आहेत.’ ते बिचारं छोट्या मापात आपली खिडकी रंगवून देतं आणि विंडोज ते आयतं चित्र ताणून मोठं करतं. व्हॉट्सॲपवर आलेला छोटा फोटो झूम केल्यावर जे होतं तेच इथे होतं. आकार बरोबर, पण सगळं धूसर.

दुसरी जात ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्यांची. ती विंडोजला सांगतात, ‘तू मध्ये पडू नकोस, माझं मी बघतो.’ विंडोज बाजूला होतं. पण आत सगळी मापं पिक्सेलमध्येच बांधलेली असतात. मग दिसतात त्या मुंग्या. जावा ८ च्या काळातली स्विंगमध्ये लिहिलेली कितीतरी ॲप्स विंडोजवर अशीच दिसायची. २०१७च्या जावा ९ मध्ये त्यावर सोय आली. फोटोशॉपची २०१२ची सीएस६ आवृत्ती घ्या. विंडोजवर तिचा पसारा मोठा करायची सोयच नव्हती. २०१४च्या सीसी आवृत्तीत ‘२०० टक्के करून बघा’ असा पर्याय प्रयोग म्हणून दिला गेला. या दोन्हींच्या जुन्या आवृत्त्या आजही अनेकांच्या मशीनवर असतात, म्हणून मुंग्याही आहेतच.

तिसरी जात अर्धवट शिकलेल्यांची. अक्षरं मोठी करायची हे त्यांना माहीत असतं, पण अक्षरांभोवतीची चौकट मोठी करायला ती विसरतात. मग मजकूर कापला जातो, बटणं एकमेकांवर चढतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालचं ‘ओके’ किंवा ‘सबमिट’ स्क्रीनच्या बाहेर जातं. दाट स्क्रीनचंच नाही, साध्या लॅपटॉपवरही हे होतं. १३६६ बाय ७६८ची स्क्रीन तुम्ही १५० टक्क्यांवर नेलीत, तर सॉफ्टवेअरला जागा उरते ९१० बाय ५१२ पिक्सेलएवढीच. जुन्या प्रोग्रॅमची खिडकी सहाशे पिक्सेल उंच असेल, तर तिचा खालचा भाग थेट टास्कबारच्या पोटात. फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत, पावणेबारा वाजलेत आणि ‘सबमिट’ दिसतच नाहीये, ही वेळ ज्याच्यावर आलीये त्यालाच त्यातली धडधड ठाऊक!

सव्वा ठिपका कुठून आणायचा?

आता तुम्ही विचाराल, २०० टक्क्यांवर बरं दिसणारं सॉफ्टवेअर १२५ किंवा १५०वर का बिनसतं?

पुन्हा रांगोळीकडे या. दुप्पट करणं सोपं असतं. एका ठिपक्याच्या जागी दोन आडवे, दोन उभे, असे चार ठिपके दिले की काम झालं. पण सव्वापट करायचं तर? एका ठिपक्याची रेघ सव्वा ठिपक्याची करायची! पाव ठिपका काही देता येत नाही. मग एकतर रेघ एकाच ठिपक्याची राहते, नाहीतर दोनाची होते, नाहीतर शेजारचा ठिपका करड्या रंगाने भरून ‘सव्वा’चा आभास केला जातो. हा करडा रंग म्हणजेच तो धूसरपणा.

ॲपलने २०१२ साली रेटिना स्क्रीनचा मॅकबुक प्रो आणला तेव्हा या कटकटीतून हुशारीने वाट काढली. आधीचा १५ इंची मॅकबुक १४४० बाय ९००चा होता, नवा बरोबर दुप्पट, २८८० बाय १८००चा. अपूर्णांकाचा प्रश्नच नाही. विंडोजला ते शक्य नव्हतं, कारण विंडोजचे लॅपटॉप शंभर कंपन्या शंभर मापांचे बनवतात. लिनक्सवाल्यांचीही यावर बरीच वर्षं डोकेफोड चालली. उबंटूसारख्या लिनक्समध्ये जे ‘वेलँड’ वापरतात, त्यात दीडपट-सव्वापटीचा हिशेब ॲपला नीट कळवायची ठरलेली पद्धत २०२२च्या अखेरीस आली.

मग मोबाइलवर असं का होत नाही? तुमच्या फोनची स्क्रीन तर लॅपटॉपपेक्षाही दाट असते. कारण अँड्रॉइडने सुरुवातीच्याच काळात पिक्सेल सोडून ‘डीपी’ हे माप धरलं. इंचाला १६० ठिपके असणाऱ्या स्क्रीनवरचा एक ठिपका म्हणजे एक डीपी. त्याहून दाट स्क्रीन असेल तर फोन आपणहून गुणाकार करतो. वेब पेजचंही तसंच. सीएसएसमधला ‘पिक्सेल’ हा खरा ठिपका नसतोच, ते इंचाच्या ९६व्या भागाला दिलेलं नाव आहे. म्हणून ब्राउझर सहसा नीट दिसतो. डेस्कटॉपचा घोळ हा की, तिथे वीस-तीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम आजही चालले पाहिजेत, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. आणि ते चालतातही, आपल्या जुन्या गृहीतकांसकट.

सेमिनार हॉलमधली फजिती

एक प्रसंग तुमच्याही ओळखीचा असेल. प्रेझेंटेशनच्या दिवशी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. लॅपटॉप २०० टक्क्यांवर, प्रोजेक्टर जुना आणि १०० टक्क्यांवर. लॅपटॉपवर छान दिसणारी खिडकी प्रोजेक्टरवर ओढली, तर ती एकदम अवाढव्य झाली किंवा फिसकटली. समोर सर आणि एक्स्टर्नल बसलेत, मागे मित्र हसतायत.

झालं काय, तर बरीच सॉफ्टवेअर्स लॉग-इन केलं त्या क्षणी मुख्य स्क्रीनचं स्केल काय होतं, तेवढंच लक्षात ठेवतात. नंतर दुसरी स्क्रीन जोडली तरी ती जुन्याच मापाला चिकटून बसतात आणि विंडोजला पुन्हा ताणाताणी करावी लागते. प्रत्येक स्क्रीनचं स्केल वेगळं सांभाळायची सोय २०१३च्या विंडोज ८.१ मध्ये आली, २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये ती बरीच सुधारली. पण पुन्हा तेच, सोय वापरायची की नाही हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात. म्हणून सेमिनारला दहा मिनिटं आधी जा, प्रोजेक्टर जोडा, एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करा आणि मगच खिडक्या उघडा. निम्मी फजिती टळेल.

हे करून बघा

१. रिझोल्यूशनला हात लावू नका. ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तोच ठेवा. एलसीडी स्क्रीनवरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. रिझोल्यूशन कमी केलं म्हणून ते मोठे होत नाहीत, फक्त चित्र ताणलं जातं. मोठं हवं असेल तर ‘स्केल’ वाढवा.

२. स्केल बदललंत की साइन आउट करून परत या. निम्मी सॉफ्टवेअर्स तेवढ्याने सुधारतात.

३. एकच सॉफ्टवेअर त्रास देत असेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘कंपॅटिबिलिटी’मध्ये जा. तिथे ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ हे बटण आहे. आत सगळ्यात खाली ‘ओव्हरराइड’वर टिक करा. धूसर दिसत असेल तर आधी ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडून बघा. मुंग्या दिसत असतील तर ‘सिस्टिम’ निवडा. अक्षरं मोठी होतील, थोडी धूसर होतील, पण वाचता तरी येतील. दरवेळी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

४. ‘सबमिट’ स्क्रीनबाहेर गेलंय? ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम दाबा आणि वरचा बाण दाबत राहा. खिडकी वर सरकेल. नाहीच जमलं तर तेवढ्यापुरतं स्केल १०० टक्के करा, फॉर्म भरा, परत वाढवा. हे आज रात्रीच एकदा करून ठेवा, पावणेबाराला शिकायला जाऊ नका.

५. डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालवायला लावतात? ती खिडकी मुळातच छोटी असते. ऑल्ट आणि एंटर दाबलंत की पूर्ण स्क्रीनभर होते. व्हर्च्युअलबॉक्समधलं लिनक्स बारीक दिसत असेल, तर त्याच्या ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘व्हर्च्युअल स्क्रीन’ आहे, तिथे स्केल २०० टक्के करता येतं.

६. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मिळत असेल तर आधी ती टाका. वरचे सगळे उपाय मलमपट्टीचे आहेत, खरं औषध नव्या आवृत्तीतच असतं.

आणि उद्या तुम्ही लिहाल तेव्हा...

तुमच्यातले कितीतरी जण सध्या मिनी प्रोजेक्ट करत असतील. कुणी पायथनच्या टीकिंटरमध्ये, कुणी जावात, कुणी सी शार्पमध्ये. खिडकी ८०० बाय ६००, बटण १०० पिक्सेल, लेबल २० पिक्सेल, असे आकडे टाकून तुम्हीही मोकळे होता. तुमच्या स्क्रीनवर ते छानच दिसतं. जरा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर १५० टक्क्यांवर चालवून बघा. टीकिंटरची खिडकी तिथे धूसर दिसेल, कारण ‘मला स्केल समजतं’ हे तुम्ही विंडोजला सांगितलेलंच नाही. ते सांगायला एक-दोन ओळी पुरतात. आणि ‘हे बटण अमुक पिक्सेलवर ठेव’ असं न म्हणता ‘या लेबलच्या शेजारी ठेव आणि आतल्या मजकुराएवढं मोठं कर’ असं सांगायची सोय या प्रत्येक साधनात आहे. ती वापरली की चौकट अक्षरांबरोबर वाढते.

यात मराठीचाही प्रश्न आहे. इंग्रजी अक्षरं मोजून लेबलची उंची २० पिक्सेल धरली आणि उद्या त्यात मराठी मजकूर टाकला, तर काय होतं? आपल्याकडे शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार असतो आणि अक्षराच्या खाली उकार. बांधलेल्या उंचीत ते मावत नाहीत. वरून मात्रा छाटली जाते, खालून उकार. ‘मेळा’ लिहिलेलं ‘मळा’ दिसतं आणि ‘कुल’ लिहिलेलं ‘कल’. खरं तर दाट स्क्रीनचा फायदा देवनागरीला इंग्रजीहून जास्त व्हायला हवा. कमी ठिपक्यांत ‘क्ष्म’ किंवा ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरं काढायची तर नुसता काळा गोळा होतो, दाट स्क्रीनवर त्यांचा प्रत्येक फाटा वेगळा दिसतो. पण चौकटच आखूड ठेवली, तर त्या ठिपक्यांचा काय उपयोग?

शिवाय स्केल वाढवणारे सगळेच काही महागडा लॅपटॉप घेतलेले नसतात. तुमच्या वर्गात कुणाला कमी दिसत असेल, तर तो साध्याच स्क्रीनवर २०० टक्के स्केल ठेवून अभ्यास करत असतो. तुमच्या घरी आजोबा बँकेचं काम करताना १७५ टक्क्यांवर बसलेले असतात. तुमच्यासाठी कापलेलं बटण म्हणजे पाच मिनिटांची चिडचिड. त्यांना मात्र दरवेळी कुणाला तरी हाक मारावी लागते, ‘जरा बघतोस का, हे पुढे जात नाहीये.’

तेव्हा प्रोजेक्ट सबमिट करायच्या आधी एक काम करा. स्केल १५० टक्के करा, मग २०० करा, एका लेबलमध्ये मराठी वाक्य टाका आणि प्रत्येक खिडकी एकदा उघडून बघा. काही कापलं जातंय का, काही बाहेर जातंय का. अर्धा तास लागेल. ‘इंचाला ९६’ असं गृहीत धरणाऱ्यांना तेव्हा दुसरी स्क्रीन दिसतच नव्हती. तुमच्या तर शेजारच्या बाकावरच आहे.